फोर्जिंगवाल्याचे ब्लेड : एका हौशी गोल्फरने आयर्नचा सेट कसा बदलला

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका गृहस्थांचं आहे. वय ४७, भोसरीकडे फोर्जिंगचा छोटा कारखाना, चाळिशीत गोल्फला सुरुवात. आठवड्याला एक राउंड, जमलं तर मधल्या एखाद्या संध्याकाळी सरावाची रेंज. हँडिकॅप २२ (आकडा जितका लहान तितका खेळाडू चांगला). म्हणजे अगदी नवखे नाहीत आणि चांगले खेळाडूही नाहीत. बहुतेक हौशी गोल्फर याच पट्ट्यात असतात, आणि क्लब निवडताना सर्वांत जास्त घोळही इथेच होतात. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांच्या बॅगेतले आयर्न (धातूच्या डोक्याचे क्लब; नंबर वाढत गेला की अंतर कमी होत जातं) मेहुण्याकडून आलेले. मेहुणा न्यू जर्सीत, हँडिकॅप ६. त्याने नवा सेट घेतला तेव्हा जुना यांना विकला. तीन नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत (वेज म्हणजे जवळच्या अंतराचा क्लब) आठ क्लब, सगळे फोर्ज्ड ब्लेड, म्हणजे मागची बाजू भरीव असलेले, पातळ आणि सुबक. शाफ्ट, म्हणजे दांडे, स्टीलचे, डायनॅमिक गोल्ड एस३०० या मॉडेलचे. एकेक शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपासचा.

आता ज्याचा जन्म हॅमरच्या आवाजात गेला, त्याच्या हातात असा सेट आल्यावर काय होणार? बॅगेतला क्लब काढून ते समोरच्याला दाखवायचे. मऊ कार्बन स्टील कसं आहे, ठोकल्यावर आतला ग्रेन कसा बसतो, ओतीव लोखंडाला ही सर कशी नाही. बोलणं सगळं खरं. फक्त बॉलला त्यातलं काही कळत नाही. बॉल फेसला (क्लबच्या डोक्याच्या समोरच्या सपाट बाजूला) चिकटून असतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्माच वेळ, आणि तेवढ्यात तीनच गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: कुठे लागला, किती वेगाने लागला, आणि फेस कुठे बघत होता.

अडचण

तक्रार ठरलेली होती. ‘दीडशे यार्डावरून माझा बॉल ग्रीनवर पोचतच नाही.’ सात नंबर घेतला की ग्रीनच्या (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या) समोरच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सहा घेतला तरी कधी बंकरमध्ये आणि कधी डावीकडे झाडीत. दहा-बारा शॉट्समधून एखादा असा लागायचा की सगळे वळून बघायचे, आणि पुढचे तीन होल गृहस्थ त्या एका शॉटवर जगायचे. स्कोअर सरासरी १०१. त्यात कोपर दुखायला लागलेलं.

सल्ल्याला तोटा नव्हता. प्रशिक्षकांचं म्हणणं, आधी स्विंग दुरुस्त करा, क्लब नंतर. आमच्या फोरबॉलमधल्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या चौघांमधल्या, एकाने नुकताच नवा सेट घेतला होता. त्याचा सात नंबर दीडशेच्या पुढे जायचा, त्यामुळे त्याचा सल्ला उघड होता. नेमकं बोट ठेवलं ते कॅडीने. ‘साहेब, हत्यार भारी आहे, पण बॉल मधी लागतोय कुठं?’ गृहस्थ जरा फुरंगटले. पण कारखानदार माणूस, ‘कुठे लागतोय ते मोजू’ म्हणाले. इथून पुढे प्रकरणाला दिशा आली.

मोजणी

पहिली मोजणी जवळजवळ फुकट झाली. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर जाड टिपका काढायचा, तो फेसच्या बाजूला ठेवून मारायचा. शाई फेसवर उतरते. फोटो काढा, पुसा, पुन्हा मारा. वीस शॉट्सनंतर चित्र स्वच्छ होतं. निम्म्याहून जास्त खुणा मध्यापासून टोच्या (फेसच्या बाहेरच्या टोकाच्या) दिशेला आणि खाली, खालच्या दोन-तीन खाचांच्या आसपास. वर किंवा हीलकडे (शाफ्टच्या बाजूला) फारसं काही नाही. म्हणजे चूक होती, पण विखुरलेली नव्हती. क्लब निवडताना ही माहिती हँडिकॅपच्या आकड्यापेक्षा मोलाची. २२ हँडिकॅपचे दोन खेळाडू शेजारी उभे केले, तर एक जमीन खणणारा निघेल आणि दुसरा बॉलच्या पोटावर मारणारा. दोघांना एकच सेट देणं म्हणजे दोघांपैकी एकाला फसवणं.

ब्लेडमध्ये वजन फेसच्या मध्यामागे एकवटलेलं असतं. बॉल टोकडे लागला की डोकं मनगटात फिरतं, वेग गळतो. वजन कडेला नेलं तर हे फिरणं कमी होतं. खांद्यावरची कावड दोन्ही टोकांना भरलेली असली की सहजासहजी गिरकी घेत नाही, तसं. ही कल्पना आयर्नमध्ये रुजवणारा कार्स्टन सोल्हाइम हाही इंजिनिअरच. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता १९५९ मध्ये त्याने घराच्या गॅरेजमध्ये पटर बनवायला घेतले, त्यातून पिंग ही कंपनी उभी राहिली, आणि १९८२ च्या पिंग आय२ ने मागून पोकळ असलेले आयर्न घरोघरी पोचवले. ते आयर्न ओतीव होते. हे ऐकल्यावर आमच्या फोर्जिंगवाल्यांनी कपाळावर आठी घातली, पण ऐकून घेतलं.

दुसरी मोजणी लाँच मॉनिटरवर (क्लबचा आणि बॉलचा वेग, कोन, अंतर मोजणाऱ्या यंत्रावर), रेंजचे बॉल न वापरता स्वतःचे बॉल वापरून. रेंजचे बॉल कमी उडतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. त्यांच्यावर यार्डांचा हिशेब मांडू नये. सात नंबरला क्लबचा वेग निघाला ताशी ७४ मैल. पीजीए टूरवरच्या व्यावसायिकांची, ट्रॅकमॅन या अशाच यंत्रावरची जुनी सरासरी ताशी ९० मैल आणि कॅरी (बॉलने हवेत कापलेलं अंतर) १७२ यार्ड होती, बॉल उतरायचा सुमारे ५० अंशांच्या कोनात. हा आकडा मुद्दाम पुढे ठेवला. टीव्हीवर सात नंबरने एकशे सत्तर मारणाऱ्याच्या मागे ही गती असते. ७४ च्या वेगाने एकशे पस्तीस-चाळीस कॅरी म्हणजे काही लाजायची गोष्ट नाही.

ब्लेडच्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे कललेला कोन, ३५ अंश. सर्वांत लांब शॉट १३४ यार्ड, सर्वांत आखूड ९८. दीडशेवरून ग्रीन का येत नाही, याचं उत्तर इथेच मिळालं. त्यांचा सर्वांत चांगला सात नंबरही दीडशे जात नव्हता. ‘सात म्हणजे दीडशे’ हे गणित मेहुण्याचं होतं, सेटसोबत यांच्याकडे आलेलं.

पर्याय

सेट तोच ठेवून वर्षभर शिकवणी घ्यावी, हा पहिला. प्रशिक्षकांचा कल तिकडे, आणि त्यात तथ्य होतं, कारण टोकडचा फटका हा उभं राहण्याच्या अंतराशी आणि तोलाशी निगडित असतो. लोखंड बदलून तो नाहीसा होत नाही. पण आठवड्याला एक राउंड आणि एक अर्धवट संध्याकाळ एवढ्या सरावात स्विंग किती बदलणार? ब्लेड शिकवतो, चूक झाली की हाताला झिणझिण्या आणतो, असं म्हणतात. माझं मत असं की हे पंधरा वर्षांच्या पोराला लागू पडतं. कोपर दुखणाऱ्या सत्तेचाळिशीतल्या माणसाला झिणझिण्यांतून शिकवू नये.

लहान क्लब ब्लेड आणि मोठे क्लब पोकळ असा मिश्र सेट हा दुसरा. यावर फार वेळ गेला नाही. नऊ नंबर आणि वेजमध्येही खुणा टोकडेच पडत होत्या.

उरले दोन सेट. इथे त्यांना अ आणि ब म्हणतो.

अ हा ज्याला गेम इम्प्रूव्हमेंट म्हणतात त्या वर्गातला: मोठं डोकं, रुंद सोल (तळ), ठळक ऑफसेट (फेस शाफ्टच्या रेषेच्या मागे), आत पोकळ, फेस पातळ आणि स्प्रिंगसारखा. सात नंबरचा लॉफ्ट २८ अंश. ब त्याच्या अलीकडचा: मागून खोबण, मध्यम सोल, थोडा ऑफसेट, सात नंबर ३२ अंश.

निर्णय

अ ने पहिल्या काही शॉट्समध्येच मन जिंकलं. सर्वांत लांब कॅरी १४९. दुकानातला माणूस काही बोलला नाही, पडद्यावरचा आकडाच बोलत होता. पंधरा यार्ड वाढ! पण त्यातली बरीचशी वाढ लॉफ्टची. २८ अंशांचा सात नंबर म्हणजे जुन्या हिशेबाने पाच नंबर, वर फक्त आकडा सातचा. हे मी कंपन्यांना दूषण म्हणून सांगत नाही. वजन खाली आणि मागे नेल्यामुळे बॉल जास्त वर जातो, म्हणून लॉफ्ट कमी करता येतो. यामागे खरी कारागिरी आहे. प्रश्न एवढाच, की ती कारागिरी ७४ च्या वेगाला पुरते का?

म्हणून लांब शॉट बाजूला ठेवून आखूड शॉट बघितले. अ चा सर्वांत आखूड ११९. ब चा सर्वांत लांब १३९, आणि सर्वांत आखूड १२१. पुन्हा वाचा. लांबीत अ दहा यार्डांनी पुढे, पण वाईट फटक्यात ब दोन यार्डांनी पुढे. अ मध्ये चांगल्या-वाईटातलं अंतर ३० यार्ड, ब मध्ये १८. ब्लेडमध्ये ते ३६ होतं. कारण त्या फेसच्या फोटोंमध्ये होतं. बॉल खाली लागतो, तेव्हा आधीच उभा असलेला फेस त्याला पुरेसा वर नेत नाही. चांगला लागला तर बाण, खाली लागला तर सरपटी.

दुसरा आकडा उतरण्याच्या कोनाचा. अ ३९ अंश, ब ४३ अंश. बॉल ग्रीनवर थांबायला साधारण ४५ च्या आसपास कोन हवा असं मानतात. ४३ ला तो थोडा धावेल, ३९ ला मागच्या कडेपर्यंत जाईल. पुढे बंकर असलेल्या ग्रीनवर १४९ यार्ड कॅरी होऊन बॉल मागे निघून गेला, तर त्या लांबीचं काय करायचं? शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, इथली हवा जरा विरळ, बॉल मुंबईपेक्षा थोडा पुढे जातो. चेंबूरला जाऊन खेळलात की दोन-तीन यार्ड परत द्यावे लागतात.

गृहस्थांचा जीव मात्र १४९ मध्ये अडकलेला. शेवटी निकाल लागला जमिनीवर. तोवरची सगळी मोजणी मॅटवर झाली होती, आणि मॅट खोटं बोलते: क्लब बॉलच्या मागे इंचभर आधी टेकला तरी घसरून जातो, शॉट बरा दिसतो. मे महिना होता. फेअरवे (टीपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) तापून कडक, गवत विरळ. दोन्ही सेटचे नमुन्याचे सात नंबर मागून घेऊन ते कोर्सवर गेले. अ ची रुंद सोल त्या टणक जमिनीवरून उसळायची, आणि पुढची धार बॉलच्या पोटात. गृहस्थांचा फटका मुळातच वरच्या अंगाने, त्यात ही उसळी. ब ची सोल मध्यम आणि मागची कड गोलसर, ती सरळ निघून जायची. पावसाळ्यात, जमीन लोण्यासारखी झाल्यावर, कदाचित उलट दिसलं असतं. जो जमीन खणतो त्याला रुंद सोल वर्षभर वाचवते. हे खणणारे नव्हते.

‘ब घेऊ,’ ते परतताना म्हणाले, आणि गाडीत बराच वेळ काही बोलले नाहीत.

शाफ्टचा निर्णय कमी नाट्यमय, पण माझ्या मते कोपराला त्याचाच जास्त उपयोग झाला. १३० ग्रॅमवरून थेट ७० ग्रॅमच्या ग्राफाइटवर उडी घेऊन पाहिली, तर हात घाईने पुढे यायला लागले आणि खुणा हीलपासून टोपर्यंत पसरल्या. मग ९५ ग्रॅमच्या आसपासचा स्टीलचा, रेग्युलर फ्लेक्स, म्हणजे मध्यम लवचीक. खुणा पुन्हा एकत्र आल्या. वयस्कर माणसाला ग्राफाइट, तरुणाला स्टील असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

सेटची रचना हा पुढचा मुद्दा, आणि इथे लोक हमखास चुकतात. ब चा पिचिंग वेज ४४ अंशांचा. ब्लेडचा ४७ होता. बॅगेतला सँड वेज ५६. मध्ये १२ अंशांची दरी, म्हणजे शंभर यार्डांच्या अलीकडे एक अख्खा क्लब गायब. म्हणून ५० अंशांचा एक वेज जास्तीचा घेतला. वरच्या बाजूला तीन आणि चार नंबर आयर्नना रजा दिली, त्यांच्या जागी २२ आणि २५ अंशांचे दोन हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधले क्लब). नियमाने १४ क्लब चालतात; यांच्या बॅगेत नेमाने लागणारे १२ आहेत. उरलेल्या जागा भरल्याच पाहिजेत असा नियम नाही.

पैसे. नव्या सेटचा भाव तेव्हा लाखाच्या घरात होता. दोन मॉडेल मागचा, कमी वापरलेला सेट साधारण निम्म्यात मिळाला. आयर्न दोन वर्षांत शिळे होत नाहीत. वापरलेल्या सेटमध्ये बघायचं ते वेजच्या खाचा आणि ग्रिप. ग्रिप बदलल्या, खाचा ठीक होत्या.

परिणाम

जूनमध्ये सेट हातात आला, म्हणजे पावसाच्या तोंडावर. पहिले दोन महिने काही कळायला मार्ग नव्हता. ओल्या फेअरवेवर बॉल रोल होत नाही, सगळ्यांचेच आकडे घसरतात. चित्र दिसलं ते दिवाळीनंतर.

सरासरी स्कोअर १०१ वरून ९७. हँडिकॅप मात्र २२ वरून २१. गृहस्थ नाराज. ‘एवढं करून एक?’ इथे वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिमचं गणित समजून घ्यायला हवं. २०२० पासूनच्या या पद्धतीत शेवटच्या २० राउंडपैकी सर्वांत चांगल्या ८ राउंडची सरासरी धरतात. उरलेल्या १२ कडे कोणी बघत नाही. सौम्य आयर्नचा फायदा होतो तो नेमका त्या बारांमध्ये: जे ११० व्हायचे ते १०२ होतात. तुमचा सर्वोत्तम दिवस ब्लेडवरही सर्वोत्तमच होता, कारण त्या दिवशी बॉल मधोमध लागत होता. सेट बदलून हँडिकॅप झरझर उतरेल अशी आशा धरणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

ग्रीनवर थेट पोचण्याचं प्रमाण किंचितच वाढलं. बदल झाला तो चुकण्याच्या जागेत. पूर्वी वीस-पंचवीस यार्ड अलीकडे राहणारा बॉल आता ग्रीनच्या तोंडाशी राहतो, आणि तिथून एक चिप (छोटा उचल फटका) आणि पटरचे दोन फटके असा बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, होतो. कोपराचं दुखणं बरंच कमी आहे. त्यात फिजिओने दिलेल्या व्यायामाचा वाटा किती आणि हलक्या शाफ्टचा किती, हे वेगळं काढता येत नाही. तसंच स्कोअरचं. ऑगस्टपासून त्यांनी प्रशिक्षकांकडे नियमित जायला सुरुवात केली होती, त्यामुळे ते चार स्ट्रोक निव्वळ लोखंडाच्या नावावर मांडता येणार नाहीत.

आणि ‘सात म्हणजे दीडशे’ सुटलं. दीडशेवर ते आता हायब्रिड काढतात. आमच्या फोरबॉलमध्ये त्यावर टोमणे होतात, पण ते मारणाऱ्यांचे बॉल बंकरमध्ये असतात.

वेगळं काय करता आलं असतं

मार्करची मोजणी दुकानात जायच्या आधी झाली, हे उत्तम. पण जमिनीवरची चाचणी सर्वांत शेवटी आली, ती मॅटच्या आधी यायला हवी होती. तोवर मन १४९ वर जडलेलं होतं, आणि ते सोडवण्यात उगाच शक्ती गेली. नमुन्याचा एक क्लब दोन दिवसांसाठी द्यायला विक्रेते सहसा तयार असतात, विचारावं लागतं एवढंच.

पाच नंबर आयर्न सेटमध्ये आला म्हणून घेतला. तो बॅगेत असतो, वापरला जात नाही. २५ अंशांचा हायब्रिड असताना त्याला कामच नाही. जुन्या सेटमधून क्लब सुटे करून देणारा विक्रेता क्वचित मिळतो हे खरं, पण विचारणा झाली नव्हती.

लाय अँगलचा (क्लब जमिनीवर टेकवल्यावर शाफ्ट जमिनीशी करतो त्या कोनाचा) प्रश्न मात्र अजून खुला आहे. खरेदीच्या वेळी मार्करने बॉलवर उभी रेघ काढून पाहिली तेव्हा तिचा ठसा फेसवर सरळ उमटत होता, म्हणून लायला हात लावला नाही. त्यानंतर शिकवणीत प्रशिक्षकांनी त्यांना बॉलच्या थोडं जवळ उभं केलं आणि हात खाली घ्यायला लावले. टोकडच्या खुणा मध्याकडे सरकल्या, पण हिवाळ्यात शॉट डावीकडे जायला लागले. हात खाली गेले की टो जमिनीपासून उचलला जातो, हील आधी टेकते, फेस डावीकडे बघतो. सेट फोर्ज्ड असता तर दोन अंश वाकवणं सोपं होतं. ब ओतीव आहे, कडक स्टेनलेसचा. त्याला अंश-दीड अंशाच्या पुढे वाकवायला कारागीर तयार होत नाहीत. गृहस्थांनी हे ऐकलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा मनापासून हसले. एक अंश चपटा करून बघायचं ठरलं आहे, आधी फक्त सात नंबर, आणि या वेळी मॅटवर नाही.